वस्तूंपेक्षा जागेची मांडणी बोलते

भिंतीवरची चित्रं, पुस्तकं आणि प्रवासातून आणलेल्या वस्तू पाहिल्या की घरमालक कळतो, असं अनेकदा म्हटलं जातं. मला ते अर्धंच पटतं. वस्तू पाहुण्यांसाठीही मांडल्या जातात. जागा कशासाठी आणि किती दिली, त्यात माणूस जास्त दिसतो. चंदीगडमुळे आपल्याला माहीत असलेल्या वास्तुरचनाकार ल कॉर्बुझिएचा पॅरिसच्या मोलितोर इमारतीतला फ्लॅट बघा. इमारत त्यानेच त्याचा चुलतभाऊ आणि सहकारी वास्तुरचनाकार पिएर जानरेसोबत बांधली आणि सगळ्यात वरच्या मजल्यांवर 1934 पासून 1965 मध्ये मृत्यू होईपर्यंत तो राहिला. जागेचा मोठा वाटा चित्रं काढायच्या स्टुडिओला. सकाळी तिथे चित्रकला, दुपारी ऑफिस. शेजारच्या इमारतीला लागून असलेली स्टुडिओची भिंत दगड-विटांची. गुळगुळीत पांढऱ्या भिंतींसाठी ओळखल्या जाणाऱ्या या माणसाने तिला गिलावा न करता तशीच उघडी ठेवली, आणि मला तर त्या घरातली सगळ्यात सुंदर गोष्ट तीच वाटते. पलंग उंच पायांवर चढवलेला, का तर पडल्यापडल्या गच्चीच्या कठड्यावरून बाहेरचं दिसावं!

पण याच घरात त्याची बायको इव्होन 1957 पर्यंत, म्हणजे तिच्या मृत्यूपर्यंत राहिली. त्या मांडणीत तिची आवड कुठे आहे, हे शोधावं लागतं. म्हणून सजावटीतून 'मालकाचा' स्वभाव दिसतो म्हणताना, घरातल्या नेमक्या कोणाचा, हेही विचारायला हवं. आपल्याकडच्या दोन बेडरूमच्या फ्लॅटमध्येही टीव्हीसमोरची खुर्ची कोणाची हे चटकन कळतं, आणि आईची जागा मात्र बहुतेक वेळा ओट्यापाशीच असते.