टीएमटी नॉर्मल होती, मग अटॅक कसा? (सोसायटी ग्रुप, रविवार सकाळ)

सेक्रेटरी: सी विंगच्या दादांना आयसीयूतून वॉर्डात हलवलंय. वहिनींना फोन करू नका प्लीज, दोन रात्री झोपल्या नाहीयेत. डबे ए विंग बघतंय. दुसरं म्हणजे, एका लॅबने 'हार्ट पॅकेज' देऊ केलंय : टीएमटी (पट्ट्यावर चालवून काढतात तो ईसीजी), लिपिड (कोलेस्टेरॉल) आणि सीटी कॅल्शियम स्कोअर. ३० नावं आली तर सवलत. इच्छुकांनी फ्लॅट नंबर टाका.

बी-४०३ काका: दादांची टीएमटी दिवाळीच्या सुमारास झाली होती आणि नॉर्मल होती, त्यांनीच सांगितलं होतं. मग त्याच टेस्टचे पैसे आपण कशाला मोजायचे?

ए-१०२ काकू: अर्जुनाची साल दुधात उकळून घ्या. सात दिवसांत सगळे ब्लॉकेज साफ. जास्तीत जास्त लोकांना पाठवा 🙏

बी-४०३ काका: ए-१०२ वहिनी, हाच मेसेज गेल्या वर्षी लसणाच्या नावाने फिरत होता.

डी-५०४ ताई: काका, मुद्द्याचं विचारलंत. मी कार्डियाक सीटीत काम करते, रोज कोणीतरी हेच विचारतं. धावताना हृदयाला रक्त कमी पडतंय का, एवढंच टीएमटी बघते. नस बरीच अरुंद झाली असेल तरच ते पकडलं जातं. पण चरबीचा थर सुरुवातीला आत येत नाही, नसच बाहेरच्या बाजूला फुगते. त्यामुळे नसेच्या जागेपैकी साधारण ४० टक्के थराने व्यापली तरी रक्ताची वाट तेवढीच राहते. १९८७ पासून हे माहीत आहे.

डी-५०४ ताई: धोका किती टक्के ब्लॉक आहे यावरच नसतो. आत मऊ चरबी आणि वर पातळ पापुद्रा, पिकलेल्या गळवासारखा. हा पापुद्रा ६५ मायक्रॉनपेक्षा पातळ झाला, म्हणजे मिलिमीटरचा पंधरावा भागही उरला नाही, की फुटायची भीती. फुटला की त्यावर गुठळी धरते आणि काल ज्या नसेतून व्यवस्थित रक्त जात होतं ती काही मिनिटांत बंद. २०११ साली ६९७ पेशंटचा एक अभ्यास आला होता. आधी स्टेंट न टाकलेल्या ज्या जागांनी पुढच्या ३ वर्षांत त्रास दिला, त्या पहिल्या अँजिओग्राफीत सरासरी ३२ टक्केच अरुंद दिसल्या होत्या. ३२ टक्क्यांना कोण घाबरतं?

सी-३०१: मग सगळ्यांची सीटी अँजिओच करून टाकू की. कॅल्शियम स्कोअर तरी कशाला?

डी-५०४ ताई: दोन्ही वेगळे आहेत. कॅल्शियम स्कोअरला डाय (नस फोटोत दिसावी म्हणून टोचायचं औषध) लागत नाही, रेडिएशनही थोडं. पण त्यात फक्त कॅल्शियम साठून कडक झालेला जुना थर दिसतो. शून्य आला तर चांगलंच, तरी तरुण, सिगारेट ओढणारा किंवा शुगरवाला असेल तर मऊ थर लपलेला असू शकतो. सीटी अँजिओत तो मऊ थर दिसतो. त्यासाठी नाडी ६०-६५ च्या आत आणायला गोळी, जिभेखाली स्प्रे, मग डाय. डाय गेला की अंग एकदम गरम होतं, बरेच जण घाबरून हलतात आणि फोटो खराब होतो 😄 किडनीचा त्रास असेल तर आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी). काहीच तक्रार नसलेल्या ३० जणांना रांगेत उभं करून करायची तपासणी नाही ही.

ए-१०२ काकू: माझा स्कोअर पहिल्यांदा ११० होता, यंदा १६०. म्हणजे गोळीचा उपयोग शून्य. मी बंद केली. दूधपण कमी केलं, कॅल्शियम नको म्हणून.

डी-५०४ ताई: काकू!! दुधाचा काहीएक संबंध नाही. आणि गोळी स्टॅटिनची (कोलेस्टेरॉल कमी करणारी) असेल तर मऊ थर आटून कडक होतो, त्यामुळे आकडा वाढू शकतो. कडक थर फुटायची शक्यता कमी. मनाने बंद करू नका, आजच तुमच्या डॉक्टरांना फोन लावा.

ए-१०२ काकू: अगं बाई. हे रिपोर्ट देताना कोणी सांगत नाही.

सी-३०१: ताई, पण मऊ थर दिसलाच तर लगेच स्टेंट टाकून मोकळं व्हायचं ना?

डी-५०४ ताई: कोरियाच्या पुढाकाराने ४ देशांत तसं करून बघितलं, १६०६ पेशंट, २०२४ मध्ये निकाल आला. स्टेंटवाल्यांत २ वर्षांत ०.४ टक्के लोकांना त्रास, नुसत्या औषधवाल्यांत ३.४ टक्के. ऐकायला छान आहे. पण त्या 'त्रासा'त छातीत दुखून ॲडमिट होणं, पुन्हा प्रोसिजर लागणं हेही धरलेलं. शिवाय त्या जागा नसेच्या आत तार घालून, आतून फोटो काढून निवडल्या होत्या. सीटीच्या रिपोर्टवरून स्टेंट हा त्याचा अर्थ नव्हे.

बी-४०३ काका: मग स्टेंट नाही टाकायचा, तर बघून उपयोग काय?

डी-५०४ ताई: गोळी कोणाला आणि किती जोरात द्यायची ते ठरतं. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखणाऱ्या ४१४६ जणांपैकी निम्म्यांची नेहमीच्या तपासण्यांसोबत सीटी अँजिओही केली. ५ वर्षांनी त्या गटात हृदयविकाराने मृत्यू किंवा अटॅक २.३ टक्के, दुसऱ्या गटात ३.९. स्टेंट-बायपास दोन्हीकडे जवळपास सारखेच. गोळ्या मात्र सीटीवाल्यांत जास्त जणांना सुरू झाल्या. माझं स्पष्ट मत, पॅकेजमधून टीएमटी काढा. तक्रार नसलेल्या माणसाला ती खोटा दिलासा देते. त्याऐवजी लिपोप्रोटीन-ए (रक्तातल्या कोलेस्टेरॉलचाच एक प्रकार) घाला. ते आनुवंशिक असतं, आपल्याकडच्या लोकांत गोऱ्यांपेक्षा जास्त आढळतं आणि नेहमीच्या लिपिड प्रोफाइलमध्ये येत नाही. दादांच्या भावांनी तर नक्की करावं. कॅल्शियम स्कोअर चाळिशीपुढे, डॉक्टरांना विचारून. आणि पार्किंगमागे सिगारेट ओढायला जमणारी मंडळी, नावं घेत नाही.

सी-३०१: 🙈

सेक्रेटरी: लॅबला विचारतो टीएमटी काढून किती पडेल ते. नावं पाठवत राहा. टाकी सफाईमुळे दुपारी २ ते ५ पाणी नाही.

बी-४०३ काका: ते लिपोप्रोटीन दरवर्षी करायचं का? आणि उपाशीपोटी?

डी-५०४ ताई: आयुष्यात एकदा केलं तरी बहुतेकांना पुरतं. चहा-पोहे खाऊन जा.