सीमाभागातल्या मराठी पोरानं आरसीबीची जर्सी घातली तर बिघडलं कुठं?

टिळकवाडीकर (धागाकर्ता)
मागच्या एका चर्चेत कुणीतरी लिहिलं, "बेळगावचा मराठी माणूस आरसीबीसाठी, म्हणजे बेंगळुरूच्या आयपीएल संघासाठी, ओरडतो म्हणजे स्वाभिमान गहाण टाकतो." वाचून राहवलं नाही, म्हणून हा धागा.

आपल्याकडं पोर जन्मतंच एका बाजूला. शाळा मराठी की कन्नड, दुकानाच्या पाटीवर कुठली अक्षरं मोठी, एक नोव्हेंबरला कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत जायचं की मराठी माणसांच्या काळ्या दिनाच्या फेरीत, हे सगळं घरानं आधीच ठरवलेलं. आयपीएलचा संघ मात्र तो स्वतः निवडतो. कोहली आवडला की आरसीबी, धोनी आवडला की चेन्नई. एकाच घरात तीन संघ असतात आणि त्यावरून कुणी कुणाचं बोलणं बंद करत नाही. लीग एवढी लोकप्रिय का, याचं आपल्या भागापुरतं उत्तर मला यातच दिसतं.

आणि आरसीबी फक्त "त्यांची" कशी? २००८ साली तिचा पहिला कर्णधार राहुल द्रविड होता. मराठी घरातला, रणजी कर्नाटकाकडून खेळलेला. त्याला आपण कुठल्या बाजूला टाकणार?

मैदान_अनगोळ
दादा, निवड कसली? आयपीएलचे २०२३ ते २०२७ चे प्रक्षेपण हक्क ४८,३९० कोटींना विकले गेले. विकलं काय, तर आपलं संध्याकाळचं बघणं. २०२४ ला हार्दिक पंड्या गुजरातहून मुंबईत कर्णधार म्हणून आला, तेव्हा वानखेडेवर त्याच्याच संघाच्या लोकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याच वर्षी जुलैमध्ये भारत विश्वचषक घेऊन आला आणि त्याच वानखेडेवर त्याच्याच नावाचा गजर झाला. माणूस तोच, खेळ तोच. प्रेम अंगातल्या कपड्यावर होतं, एवढाच अर्थ मी काढतो.

माझं खरं दुखणं मैदानाचं आहे. मी पोरांना शिकवतो. एप्रिल-मे म्हणजे सुट्टीचे दिवस, पण सात वाजायच्या आत पोरं किट आवरून घरी पळतात. चेंडू सोडून द्यायला सांगितलं तर त्यांना तो अपमान वाटतो. आपल्या केएससीए (कर्नाटक क्रिकेट संघटना) मैदानावर २०१९ ला भारत 'अ' विरुद्ध श्रीलंका 'अ' चार दिवसांचा सामना झाला. अभिमन्यू ईश्वरननं इथं, आपल्या गावात, २३३ काढल्या. माझ्या एकाही पोराला हे माहीत नाही, पण ऋषभ पंत आयपीएलच्या लिलावात २७ कोटींना गेला हे सगळ्यांना तोंडपाठ.

निपाणीवाला
सर, तुमची तळमळ कळते. पण चार दिवस बसून सामना कोण बघणार, तेही सांगा. आमच्याकडं दिवसभर दुकान, तंबाखूची वखार, शेत. साडेसातला सामना सुरू, अकरा-साडेअकराला निकाल. कष्टकऱ्याला परवडणारं क्रिकेट हेच. २०२३ ला जिओसिनेमावर फुकट दिसायला लागलं, तेही मराठी आणि कन्नड दोन्ही समालोचनांत. आमच्या कट्ट्यावर एका फोनवर मराठी चालतं, शेजारच्या फोनवर कन्नड, आणि विकेट पडली की दोन्हीकडची माणसं एकदमच उठतात. हे मी दरवर्षी बघायलोय. सरकारी पातळीवर इतकी वर्षं जे जमलं नाही ते तिथं जमतंय, मग त्याला नुसता धंदा म्हणून मोडीत काढू नका.

वडगावची_लेक
पुरुषांबद्दलच सगळं चाललंय म्हणून लिहिते. आरसीबीचा पहिला चषक मुलींनी आणला, महिला प्रीमियर लीगमध्ये, १७ मार्च २०२४ ला. कर्णधार स्मृती मानधना, सांगलीची. अंतिम सामन्यात चार बळी घेणारी श्रेयांका पाटील, कर्नाटकाची. पुरुषांना त्यानंतर सव्वा वर्ष लागलं. सांगली आपल्याला बेंगळुरूपेक्षा कितीतरी जवळ, आणि तिथली मुलगी बेंगळुरूसाठी जिंकते. माझ्या धाकट्या बहिणीनं त्या दिवसापासून बॅट धरलीय. तिच्यासाठी लीग म्हणजे "मुलींना खेळून काय मिळणार" या प्रश्नाचं उत्तर आहे, आणि ते उत्तर आम्हाला दुसऱ्या कुणी दिलं नव्हतं.

मैदान_अनगोळ
ताई, तुमच्या बहिणीला माझ्याकडं पाठवा, मनापासून सांगतोय.

पण आता मूळ मुद्द्यावर येतो. लीग आपली म्हणता, मग त्यात आपण आहोत कुठं? केपीएल (कर्नाटक प्रीमियर लीग) होती तेव्हा बेळगावचा संघ तरी होता. २०१९ ला फिक्सिंगचं प्रकरण निघालं आणि ती स्पर्धाच बंद पडली. २०२२ ला तिच्या जागी महाराजा ट्रॉफी आली, संघ सहा: बेंगळुरू, म्हैसूर, हुबळी, कलबुर्गी, मंगळूर, शिवमोग्गा. बेळगाव नाही. तिकडं २०२३ ला महाराष्ट्राची एमपीएल (महाराष्ट्र प्रीमियर लीग) सुरू झाली, त्यात कोल्हापूर आहे, आपण नाही. नकाशावर जे झालं तेच क्रिकेटमध्ये झालं. टाळ्या वाजवायला आपण दोन्हीकडं चालतो, खेळायला कुठंच नाही.

आणि आरसीबी जिंकल्याच्या दुसऱ्या दिवशी, ४ जून २०२५ ला, बेंगळुरूच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण चेंगरून मेले. तुमच्या-माझ्या पोरांसारखी पोरं होती त्यात. लोकप्रियता मोजताना तेही मोजा.

टिळकवाडीकर
ते ११ जण मी विसरलेलो नाही. गर्दीची व्यवस्था करणं ज्यांचं काम होतं त्यांनी त्याचं उत्तर द्यायलाच हवं. पण आनंद करायला बाहेर पडलेल्यांच्या माथी ते मारू नका.

बेळगावचा संघ नाही, हे मात्र शंभर टक्के मान्य. आपला बेळगावचा गोलंदाज रोनित मोरे रणजी खेळला तो कर्नाटकाकडूनच. आपल्या पोरांचा रस्ता केएससीएच्या धारवाड झोनमधूनच जातो, कोल्हापुरातून नाही. मग महाराजा ट्रॉफीत बेळगावचा संघ हवा, ही मागणी मराठी आणि कन्नड दोघांनी मिळून करावी. स्टेडियम आहे, खेळाडू आहेत, बघणारे तर आहेतच.

शहापूर_पेठ
मिळून? संघाचं नाव बेळगाव ठेवायचं की बेळगावी, इथंच पहिली बैठक मोडेल.

वडगावची_लेक
मोडू दे. दुसरी बैठक घेऊ. आणि संघ मागायचाच असेल तर मुलींचाही मागा, नाहीतर त्या निवेदनावर मी सही करणार नाही.

मैदान_अनगोळ
पुरुषांचा आणि मुलींचा, दोन्ही संघ मागत असाल तर निवेदन मी लिहितो. मजकूर मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही एकाच कागदावर. पण लीगबद्दलचं माझं मत तेच आहे, आणि पोरांना पहिले तीन महिने षटकार मारू देणार नाही.