शोभेची की वापराची? आयात मालाच्या वर्गीकरणातला हा भेद हवाच कशाला?

मोरपीस:
माझं मत आधीच सांगून टाकते. सीमाशुल्काच्या वर्गीकरणातून 'शोभेची वस्तू' हा प्रकारच काढून टाकावा. वर्गीकरण फक्त पदार्थावरून: काच तर काच, पितळ तर पितळ. संपलं.

आत्ता काय चालतं बघा. एचएस (हार्मोनाइझ्ड सिस्टिम) ही जागतिक सीमाशुल्क संघटनेची, मालाला आकडी कोड देणारी पद्धती १ जानेवारी १९८८ पासून लागू आहे. पहिले सहा आकडे सगळीकडे सारखे. त्यापुढचे आकडे आणि ड्युटीचा दर ज्या त्या देशाचा. कोडचे पहिले चार आकडे म्हणजे हेडिंग. पोर्सिलेनची ताटं-वाट्या ६९११ मध्ये, इतर सिरॅमिकची ६९१२ मध्ये, आणि सिरॅमिकचे पुतळे नि शोभेच्या वस्तू ६९१३ मध्ये. आता कोंबडीच्या आकाराची, झाकणाची बरणी आली तर? ती भरायची की कपाटात मांडायची, हे अधिकारी कंटेनरजवळ उभं राहून ठरवणार. दोन हेडिंगचे दर वेगळे असले की वाद ठरलेलाच.

हिशेबनीस:
साफ अमान्य. अधिकाऱ्याच्या लहरीवर काही सोडलेलं नाही. एचएसच्या स्पष्टीकरणात्मक टिपांमध्ये कसोटी दिली आहे: नक्षीदार वस्तू साध्या भांड्याइतकंच चोख काम देते का? देत असेल तर ती भांडी-ताटांच्या हेडिंगमध्ये, नक्षी कितीही असो. तुमच्या कोंबडीचं झाकण नीट बसत असेल, आत हात जाऊन ती धुता येत असेल, तर ती बरणीच. तोंड इतकं अरुंद की काही भरताच येत नाही, असं असेल तर ६९१३. हे वस्तू हातात घेऊन तपासता येतं, त्यात आयातदाराच्या मनात काय होतं हे विचारावं लागत नाही.

आणि काचेचं म्हणाल तर तुमची सूचना तिथे निम्मी अमलात आहेच! टेबलावरची, स्वयंपाकघरातली आणि घराच्या सजावटीची काचेची वस्तू, सगळ्या एकाच ७०१३ मध्ये. पण उपशीर्षकं उघडा. जेवणाच्या टेबलावरची नि स्वयंपाकघरातली भांडी ७०१३.४ च्या गटात, फुलदाणीसारखी शोभेची ७०१३.९ मध्ये. भेद गेला नाही, फक्त दोन आकडे पुढे सरकला.

तिरकस:
१९२६ साली शिल्पकार ब्रांकुशीचं 'अवकाशातला पक्षी' हे ब्राँझ शिल्प अमेरिकेत उतरलं, तेव्हा कस्टमवाल्यांनी ते स्वयंपाकाची भांडी आणि इस्पितळाचं सामान या गटात घालून ४० टक्के ड्युटी लावली होती. कोर्टाने ते कला आहे असं १९२८ मध्ये सांगितलं. तुमची कसोटी तेव्हा रजेवर होती काय, हिशेबनीस?

मोरपीस:
आणि जुनंच कशाला? डॅन फ्लॅव्हिन या कलाकाराच्या फ्लुरोसंट नळ्यांची कलाकृती ब्रिटनच्या न्यायाधिकरणाने २००८ मध्ये शिल्प मानली. २०१० मध्ये युरोपीय आयोगाने तशाच मांडणीला दिव्यांच्या हेडिंगमध्ये ढकललं. कारण काय, तर कलाकृती ही मांडणी नव्हे, तिने पाडलेला प्रकाश! यावर हसावं की रडावं?

हिशेबनीस:
तो एचएसच्या प्रकरण ९७ चा तंटा, कलाकृतींचा. एचएस १९२६ मध्ये नव्हतीच. घरातल्या फुलदाणीवर बोलायचं ठरलंय ना? त्यावर बोला.

सागरवेळ:
माझं रोजचं काम क्लिअरिंगचं, म्हणजे आयात माल कस्टममधून सोडवण्याचं, म्हणून दोघांनाही थोडं टोचतो.

मोरपीस, 'काच तर काच' म्हणायला सोपं. पण हल्ली शोभेची वस्तू एकाच पदार्थाची असते कुठे? खाली लाकूड, मध्ये रेझिन, वर पितळी पान. शोभेचं प्लास्टिक ३९२६ मध्ये, लाकडी पुतळे ४४२० मध्ये, पितळेसारख्या, मौल्यवान नसलेल्या धातूंचे ८३०६ मध्ये. मग एचएसचा सर्वसाधारण नियम ३ लागतो: आधी नेमकं वर्णन कुठे आहे ते बघा, ते चालत नसेल तर वस्तूला तिचं मूळ स्वरूप कोणता भाग देतो ते ठरवा. त्यानेही भागलं नाही तर आकड्याने सगळ्यात शेवटी येणारं हेडिंग घ्या. हा शेवटचा भाग म्हणजे नियम करणाऱ्यांनीच हात टेकलेत, असं माझं मत. पदार्थावर वर्गीकरण आणलं की या नियमाकडे जास्त वेळा जावं लागेल, कमी वेळा नाही.

हिशेबनीस, कसोटी कागदावर छान आहे. बंदरावर माल उघडणाऱ्याला मात्र दिवसभरात शंभर वस्तू बघायच्या असतात. वाद टाळायचा तर माल येण्याआधी नमुना, फोटो, घटकांची वजनं देऊन कस्टमकडे वर्गीकरणाचा आगाऊ निर्णय मागा. जागतिक व्यापार संघटनेचा व्यापार सुलभीकरण करार २२ फेब्रुवारी २०१७ पासून लागू आहे, त्यात ही सोय बंधनकारक आहे. इन्व्हॉइसवर नुसतं 'डेकोर आयटम' लिहिणाऱ्यांना मात्र कुणीच वाचवू शकत नाही.

मोरपीस:
आगाऊ निर्णय मोठ्या आयातदाराला परवडतो. वीस प्रकारच्या वस्तू थोड्या-थोड्या आणणाऱ्याने वीस अर्ज करायचे? गुंतागुंत व्यवस्थेची, कागदपत्रं मात्र लहान माणसाची.

तिरकस:
बरं, हे सोडवा. काचेची फुलदाणी, तीत कृत्रिम फुलं कायमची चिकटवलेली. कृत्रिम फुलं ६७०२, काच ७०१३.

हिशेबनीस:
६७०२. गिऱ्हाईक फुलांसाठी घेतं. काच फक्त त्यांना उभं धरते.

सागरवेळ:
काच जाड, कोरीव, किमतीत निम्म्याहून जास्त असेल तर मी ७०१३ साठी भांडेन. आणि ठरलंच नाही तर शेवटचा आकडाही ७०१३ च येतो.

मोरपीस:
बघा, एक फुलदाणी नि दोन जाणकार. माझी सूचना अजून कायम आहे.