पाऊण तासाच्या कामाला दोन हजार रुपये योग्य आहेत का?

प्रश्न (वाशी)
आमच्या जुन्या इमारतीत पाणी कुठे मुरते आहे, हे महिनाभर कळत नव्हते आणि त्यापायी दोन ठिकाणची फरशी फुकट फोडून झाली होती. अखेर एका वयस्कर प्लंबरना बोलावले. रात्री वर्दळ थांबल्यावर त्यांनी लोखंडी सळईचे एक टोक पाइपावर टेकवले, दुसरे कानाशी धरले आणि एकेक व्हॉल्व्ह बंद करत गेले. जिन्याजवळचा व्हॉल्व्ह फिरवताच आतला आवाज थांबला. तिथली हातभर फरशी काढल्यावर गळका जोड सापडला. पाऊण तासाच्या या कामाचे त्यांनी दोन हजार मागितले, तर समितीतील काही जणांच्या मते पाचशे पुरेत. पैसा सर्व सभासदांचा असल्याने काटकसरीचा आग्रह गैर नाही, पण हा हिशेब मला पटत नाही. आपले मत काय?

उत्तर (ठाणे, निवृत्त टर्नर)
पूर्ण रक्कम द्यावी. आयटीआयचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम करून मी वागळे इस्टेटमध्ये लेथवर (धातू कातायच्या यंत्रावर) लागलो, तेव्हा एक बुश, म्हणजे धातूची छोटी पोकळ नळी, करायला मला अर्धी पाळी लागायची आणि तरीही निम्मा माल भंगारात जायचा, कारण बोअर, म्हणजे आतले भोक, एक-दोन शतांश मिलिमीटरने जरी चुकले तरी बेअरिंग नीट बसत नाही. दहा वर्षांनी तेच काम वीस मिनिटांत होऊ लागले. तासांवरच मोल ठरवायचे, तर उमेदवारीच्या काळातच माझी किंमत जास्त होती, असे म्हणावे लागेल.

उत्तर (नौपाडा, गृहनिर्माण संस्थेचे माजी खजिनदार)
वरील मताशी सहमत आहे. मात्र दर आधी ठरवून घ्यायला हवा होता, ती चूक समितीची आहे. मला अधिक खटकते ते वेगळेच. प्लंबरच्या कसबाची आपण घासाघीस करतो, पण समितीवर माणूस पाठवताना त्याला ताळेबंद वाचता येतो का, हे कोणी विचारत नाही. मी खजिनदार झालो तेव्हा सिंकिंग फंड (इमारतीच्या मोठ्या कामांसाठी राखून ठेवलेला पैसा) आणि नेहमीच्या डागडुजीचा दुरुस्ती निधी यांतला फरकही मला ठाऊक नव्हता; त्या वर्षी एका ठेवीची मुदत संपली आणि रक्कम कित्येक महिने बचत खात्यात पडून राहिली. 31 मार्चला वर्ष संपते आणि 30 सप्टेंबरपर्यंत वार्षिक सभा घ्यावी लागते, त्या सहा महिन्यांत एका अनुभवी सभासदांकडे बसून मी हिशेब शिकलो. लोकांचा पैसा हाताळणे हेही कसबच आहे आणि सचोटी असली म्हणून ते आपोआप येत नाही.

उत्तर (ऐरोली)
त्या प्लंबरच्या हाताखाली कोणी शिकते आहे का, हे जरूर विचारा. नसेल तर आपल्या इमारतीची देखभाल करणाऱ्या मुलाला पुढच्या वेळी त्यांच्यासोबत उभे करा.

प्रश्नकर्ता
सर्वांचे आभार. काल दोन हजार रुपये दिले आणि पावतीवर ‘गळती शोधणे’ व ‘जोड बदलणे’ अशा दोन वेगळ्या नोंदी करून घेतल्या. पहिल्या नोंदीची रक्कम दुसरीच्या तिप्पट आहे.