बाळाच्या गाठीचे निदान: जनुकतपासणी प्रत्येक वेळी हवीच का?

सूक्ष्मदर्शी:
वर्षाच्या आतल्या बाळाच्या हातापायावर झपाट्याने वाढणाऱ्या गाठीत लांबट पेशी दिसल्या, तर ईटीव्ही६-एनटीआरके३ या जनुकजोडाची (दोन जनुके तुटून एकमेकांना चिकटण्याची) तपासणी झाल्याशिवाय पॅथॉलॉजिस्टने अंतिम अहवाल देऊ नये, असे माझे मत आहे. हा जोड इन्फन्टाइल फायब्रोसार्कोमात, म्हणजे तान्ह्या बाळांच्या मऊ ऊतींतल्या कर्करोगात, १९९८ साली सापडला. त्याआधी पेशींची माशाच्या काट्यासारखी मांडणी पाहूनच निदान होत असे. पण मायोफायब्रोमॅटोसिस (कर्करोग नसलेल्या गाठी) किंवा लांबट पेशींचा ऱ्हॅब्डोमायोसार्कोमाही (स्नायूंसारख्या पेशींचा कर्करोग) सूक्ष्मदर्शीच्या काचेवर फसवतो आणि तिन्हींचे उपचार निराळे आहेत. या जोडावर नेमके काम करणाऱ्या लॅरोट्रेक्टिनिब या औषधाला अमेरिकेत २०१८ साली मान्यता मिळाली आहे. अर्धवट निदानापायी बाळाचा पाय जाणे आता क्षम्य नाही.

तालुक्याचा सर्जन:
असहमत. निदान बिघडते ते त्याच्या कितीतरी आधी. माझ्याकडे आलेल्या एका बाळाची गाठ चरबीची समजून एमआरआय न करताच अर्धी काढलेली होती आणि तुकडा फॉर्मॅलिन या पेशी टिकवणाऱ्या द्रवाऐवजी सलाइनच्या बाटलीत दोन दिवस पडून होता. त्यावर कोणती जनुके वाचणार? पॅन-टीआरके मार्कर, म्हणजे एनटीआरके जनुकांची प्रथिने रंगवून दाखवणारी चाचणी, तुकडा साठवलेल्या साध्या मेणाच्या ब्लॉकवर होते. तो पॉझिटिव्ह आला तरच जनुकतपासणीचा पुढचा खर्च पालकांच्या माथी मारावा. शिवाय ते नवे औषध माझ्या रुग्णांच्या आवाक्यातले नाही, आणि व्हिन्क्रिस्टिन व ॲक्टिनोमायसिन-डी या केमोथेरपीच्या जुन्या जोडीनेही ही गाठ बऱ्याचदा आटोक्यात येते.

सूक्ष्मदर्शी:
सलाइनच्या बाटलीपुढे मी हात टेकले. मात्र मार्कर निगेटिव्ह आला की थांबायचे, हे मान्य नाही, कारण हुबेहूब अशाच काही गाठींत एनटीआरकेऐवजी बीआरएएफ, आरईटी किंवा एमईटी या जनुकांत बदल असतो आणि पॅन-टीआरके तिथे गप्प राहतो. जुनी जोडी द्यायची तरी गाठीचे नाव आधी ठाऊक हवे.

एक आई:
आपण दोघेही तुकडा घेतल्यानंतरचे बोलत आहात. माझ्या मुलीच्या दंडावर जन्मतःच निळसर, ताणलेल्या कातडीची गाठ होती. एका रुग्णालयाने ती रक्तवाहिन्यांची ठरवून अशा गाठींवरचे प्रोप्रानोलॉल हे औषध सुरू केले. दोन महिन्यांत झबल्याची बाही चढेना, तरी तुकडा घेण्याचा विषय कुणी काढला नाही.

तालुक्याचा सर्जन:
ताई, आपले म्हणणे रास्त आहे. नेहमीचा हेमॅन्जिओमा (रक्तवाहिन्यांची गाठ) जन्मानंतरच्या काही आठवड्यांत वाढतो. जन्मतःच एवढी मोठी असलेली आणि औषधाला न जुमानता वाढणारी गाठ पाहून तुकडा घेण्याची सुई आमच्याच हाती यायला हवी होती. जनुकतपासणीच्या सक्तीला माझा विरोध मात्र कायम आहे.