हौदातल्या कमळाला कळी नाही, पाणी हिरवं आणि पहाटे मासे वर

अंगणातला_हौद :
सिमेंटचा हौद 10 × 6 फूट, पाणी अडीच फूट, ऊन 7 तास. फेब्रुवारीत कमळाचा कंद 12 इंची कुंडीत निम्मी काळी माती आणि निम्मं ताजं शेण घालून लावला, कुंडी थेट तळाला ठेवली. आता मे. पानं तळहाताएवढी, सगळी तरंगणारी. एकही उभं पान नाही. पाणी पालकाच्या रसासारखं हिरवं. 40 गप्पी आहेत, ते पहाटे तोंड वर काढून असतात, 9 नंतर ठीक होतात. कमळ पाण्यात प्राणवायू सोडतं ना, मग असं का? सगळं पाणी बदलू का?

गाळमाती :
हिरव्या पाण्याचं आणि मासे वर येण्याचं मूळ शेणात आहे. ताजं शेण पाण्याखाली कुजताना प्राणवायू ओढून घेतं आणि त्यातलं नत्र-स्फुरद पाण्यात उतरतं. त्यावर हिरवं शेवाळ माजतं. शेवाळ दिवसा प्राणवायू देतं, पण रात्री तेही श्वास घेतं. म्हणून उजाडायच्या आधी पाण्यात प्राणवायू सगळ्यात कमी.

पाणी सगळं बदलू नका. हौदात सुमारे 4,200 लिटर आहे. आठवड्याला 1,000 लिटर काढा आणि एक दिवस उघडं ठेवलेलं नळाचं पाणी भरा.

कळीसाठी कुंडी बदलावीच लागेल, आत्ताची लहान आहे आणि फार खोल ठेवली आहे. गोल, बिनभोकाचा टब घ्या, 20 ते 24 इंच रुंद, 10-12 इंच खोल. चौकोनी नको, कोपऱ्यात कंदाचं टोक अडकतं. निव्वळ काळी माती किंवा तळ्याचा गाळ भरा, कोकोपीट तरंगतं. कंद आडवा ठेवा, वाढीचं टोक मातीबाहेर. ते टोक काडीसारखं कटकन मोडतं आणि मोडलं की तिथली वाढ थांबते, म्हणून हात टोकाला नाही, मातीच्या गड्ड्याला लावा. टब विटांवर असा ठेवा, की मातीवर 4-5 इंचच पाणी राहील. उभी पानं आली की विटा कमी करत 10-12 इंचांपर्यंत न्या.

खत 2-3 उभी पानं आल्यावरच. एक चहाचा चमचा 10:26:26 (नत्र-स्फुरद-पालाश) खत कागदाच्या दोन पुड्यांत बांधून टोकापासून लांब, 4 इंच खोल खुपसा. दर 3-4 आठवड्यांनी पुन्हा. खत पाण्यात विरघळवलं तर ते शेवाळालाच पोचतं.

देठ_आणि_पान :
प्राणवायूबद्दल. कमळाच्या पानाची रंध्रं वरच्या बाजूला असतात, त्यामुळे त्याचा बहुतेक प्राणवायू हवेतच जातो. देठ आडवा कापून बघा, आत मोठ्या पोकळ नळ्या दिसतील. पानाच्या पात्यातून शिरलेली हवा त्यांतून चिखलातल्या कंदापर्यंत जाते आणि पानाच्या मधल्या चकतीतून बाहेर पडते. भर उन्हात त्या चकतीवर चमचाभर पाणी ओता, बुडबुडे येताना दिसतात. म्हणूनच वाळका देठ पाण्याच्या वर 3-4 इंच ठेवून कापा. पाण्याखाली कापला तर नळ्यांत पाणी भरतं आणि कंद सडतो.

पाण्यात प्राणवायू हवा तर बुडीत वनस्पती लावा: हायड्रिला, व्हॅलिसनेरिया. तुमच्या हौदाला 10-12 जुड्या पुरतील. पाणी निवळेल म्हणून जलपर्णी मात्र टाकू नका, ती पृष्ठभाग झाकून हवाच अडवते.

चतुरवेडा :
कमळाचं खरं काम सावली आणि आधार. पानांनी निम्मा पृष्ठभाग झाकला की पाणी कमी तापतं, शेवाळाचं ऊन तुटतं. त्यापुढची जास्तीची पानं काढत राहा. चतुर कीटकाची अळी कात टाकायला पाण्याबाहेर देठावर चढते, गोगलगायी पानाखाली अंडी घालतात. मोठ्या तळ्यात कमळपक्षी तरंगत्या पानांवरच घरटं करतो. गप्पी मात्र हौदातच ठेवा, ओढ्या-तळ्यात सोडू नका.

अंगणातला_हौद :
टब आणतो. पानांवर काळसर मावाही आहे. निंबोळी अर्क चालेल का?

चतुरवेडा :
नको. त्यातलं तेल पाण्यावर तवंग धरतं, आणि फवारा चतुराच्या अळ्यांनाही लागतो. पान बोटांनी पाण्याखाली दाबून अर्धा मिनिट हलवा, मावा सुटतो आणि गप्पी तो वेचून खातात. आठवड्यातून दोनदा केलं तर आटोक्यात राहतो.