'रोझाना' संथ आहे, मान्य. पण...

पहिली शंभर पानं काहीच घडत नाही म्हणून 'रोझाना' ही स्वीडिश गुन्हेकथा अर्ध्यात सोडली, असं म्हणताय. मला नेमकी तीच पानं आवडली! जुलै महिन्यात मोटालाजवळ ग्योटा कालव्यातला गाळ उपसताना एका तरुणीचं प्रेत वर येतं, आणि ती कोण हे कळायलाच महिने जातात. कादंबरी १९६५ सालची. ना मोबाइल, ना डीएनए. पत्र टाकायचं आणि उत्तराची वाट बघायची. ती ज्या सहलीच्या बोटीवर होती, तिच्यावरचे प्रवासी कुठे कुठे पांगलेले. त्यांनी सहलीत काढलेले फोटो, फिल्म मागवून पोलीस त्यात तिला शोधत बसतात. इतका वेळ नुसतं प्रेत असलेली ती मुलगी पडद्यावर हलता-चालताना दिसते, तिथे मी पुस्तक मिटून जरा वेळ नुसता बसून राहिलो.

तपास करणारा पोलीस मार्टिन बेक, त्याला सतत सर्दी, पोटाची तक्रार, घरी धुसफूस. रुबाब असा काहीच नाही. माय श्योवाल आणि पेर वालू या जोडप्याने लिहिलेल्या १० कादंबऱ्यांतली ही पहिली. मुलं झोपली की रात्री दोघं लिहायला बसायची म्हणे.

शेवटचा सापळा मात्र मलाही ओढूनताणून वाटला. (फोडत नाही, काळजी नसावी.)

वेगच हवा असेल तर याच मालिकेतली 'द लाफिंग पोलिसमन' घ्या. तिथे सुरुवातीलाच स्टॉकहोमच्या बसमध्ये गोळीबार होतो. पण त्यानंतर तीच पायपीट, हे आधीच सांगून ठेवतो.